विसाव्याचा खाडा

मागच्या पौषातली दुपार होती. आमच्या गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, सासूबाईंच्या गोळ्यांची चौकशी करायला आली होती. मी चहा टाकायला आत गेले आणि कप घेऊन बाहेर आले, तर ती खुर्चीत बसल्याबसल्या झोपलेली. मांडीवर उघडं रजिस्टर, बोटांत पेन, पायात चपला तशाच. आदल्या रात्री ती एका बाळंतिणीला घेऊन गंगाखेडला गेली होती, पहाटे परतली, घरचा स्वयंपाक उरकला आणि पुन्हा वस्तीवर फिरायला निघाली. मी चहा झाकून ठेवला. वीस मिनिटांनी ती दचकून जागी झाली, पदर सावरला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "बाई, कुणाला सांगू नका हां, झोपले म्हणून."

रात्रभर दुसऱ्याच्या लेकराच्या जन्माची वाट बघत बसलेल्या बाईला वीस मिनिटांची झोप लपवावीशी वाटली. हे असं का होतं, यावर मी तेव्हापासून विचार करते आहे. हा लेख त्यातूनच आला आहे.

आमच्या मराठवाड्यातून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं मोकळी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत दोघांनी रोज फडात उभं राहायचं असतं. त्या हिशेबात एक शब्द आहे, खाडा. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. ताप आला, पोटात दुखलं, लेकरू आजारी पडलं, दिवस भरत आले, काही असो. मुकादमाच्या वहीत या सगळ्याला एकच शब्द आहे.

बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागं एक. त्यांतल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या. कारणं पुष्कळ सांगितली गेली आणि ती खरीही आहेत. फडाजवळच्या कोपीत संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत धुतलेलं फडकं वाळवायला जागा नाही. डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढायचं. अंगावरून जायला लागलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि बाई घाबरते. पण या सगळ्यांच्या बुडाशी खाडाच आहे. पाळीच्या दिवशी पडून राहिलं तर पैसे कापले जाणार, मग पाळीच नको. शरीराला विश्रांती लागू नये म्हणून शरीराचा एक भागच काढून टाकायचा, आणि त्या ऑपरेशनचा खर्च पुन्हा नव्या उचलीतून फेडायचा. या पाहणीनंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी परवानगी घेणं बंधनकारक झालं. तो नियम हवाच होता. पण त्यानं डॉक्टरचा हात अडवला, मुकादमाच्या वहीतला खाडा तसाच राहिला.

मी ऊसतोडीला कधी गेले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झाले, माझं पोट पेन्शनवर भरतं. त्या बायकांच्या आणि माझ्या कष्टाची बरोबरी मी करणार नाही. पण खाड्याची वही मुकादमापाशी असते तशी घरातही असते, हे मात्र मला स्वतःच्या अनुभवानं कळलं.

सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता सहा वर्षं होत आली. उजवी बाजू गेली, अर्धी वाचा गेली. तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पहाटे चारला उठायचं, त्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, मग स्वयंपाक, मग शाळा. दुपारपुरती शेजारची एक मुलगी येऊन बसायची. निवृत्त झाले तेव्हा सत्काराला आलेली सगळी माणसं एकच बोलली, बरं झालं बाई, आता सासूकडं पूर्ण वेळ बघता येईल. पस्तीस वर्षं नोकरी केल्यावर हिला थोडं बसू द्या, असं एकाच्याही मनात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही. पेज भरवत होते. त्यांनी तोंड मिटून घेतलं, पेज लुगड्यावर सांडली आणि मी त्यांचं मनगट इतक्या जोरात ओढलं की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं पडलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. रडल्या नाहीत, कुणाला काही सांगितलंही नाही. सांगायला पुरती वाचाही नव्हती. त्याच आठवड्यात माझ्या पायाची जखम भरत नाही म्हणून तालुक्याला रक्त तपासलं, साखर ३०० च्या वर निघाली. जखम किती दिवसांची, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मला सांगता येईना. सासूबाईंच्या पाच गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ होत्या.

माझ्यासारख्या बाईला गाव फार मान देतं. कशी सेवा करते बघा, सून असावी तर अशी. त्या मानाचा मला आता धाक वाटतो. कारण त्या मनगटावरचा डाग त्याच सेवेतून आला होता. थकलेला माणूस चांगली सेवा करू शकत नाही, हे इतकं उघड आहे, तरी आपण ते मानायला तयार नसतो. आमच्या जमिनीखाली काळा खडक आहे. तो पाणी धरतो ते फटींत आणि वरच्या मुरमाच्या थरात, तेवढंच. म्हणून उन्हाळ्यात विहीर तास-दोन तास चालते आणि मग मोटार बंद करून पाझर साचू द्यावा लागतो. कोरडी चालवली तर मोटार जळते. हे इथल्या पोराटोरांना कळतं. विहीर दुपारी बसली म्हणून तिला कुणी कामचुकार म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र नुसता उपसा मोजला जातो, पाझराला वेळ दिला की तो खाडा.

आता सगळीकडं स्वतःची काळजी घ्या, स्वतःसाठी वेळ काढा, हे ऐकू येतं. मोबाइलवर तर रोज कुणीतरी सांगतं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांचं म्हणणं मला पटतंही. माझा प्रश्न पुढचा आहे. वेळ काढायचा तो कुठून? दिवसाचे तास तर वाढत नाहीत. पडलेल्या माणसाला दोन तासांनी कूस द्यावीच लागते. मी त्या वेळी देवळात जाऊन शांत बसले, तर ती कूस कुणीतरी दुसऱ्यानं बदलायला हवी. तो दुसरा कोण, हे ठरल्याशिवाय स्वतःची काळजी घे म्हणणं म्हणजे बाईवर आणखी एक काम टाकणं आहे. आधी ती सासूची सेवा करत होती, आता सासूची सेवा करून शिवाय आनंदी आणि निरोगीही राहायचं.

केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७ मिनिटं. हे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवायला हवं. पुरुषांची सरासरी काढली आहे ती जे घरात काहीतरी करतात त्यांच्यापुरती. जे काडीही हलवत नाहीत ते त्या ९७ मिनिटांत मोजलेलेच नाहीत. तेव्हा बाईला वेळ काढायला सांगण्याआधी तिचा वेळ कुणाकडं गेला आहे ते बघावं.

याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. ते आमच्या शेतात होतं. माझ्या लहानपणी आमच्याकडं एकच बैल होता आणि शेजारच्या शिवारातल्या काकांकडंही एकच. दोघे सावड करायचे. दोन बैल एका औताला, आज आमच्या रानात, उद्या त्यांच्या. खुरपणीलाही तसंच. चार बायका मिळून आज हिच्या कापसात, उद्या तिच्या. पैसा कुठंच नाही, पण हिशेब मात्र चोख. कुणी एक दिवस कमी भरला तर तो पुढं भरून द्यावा लागे आणि मागण्यात कुणाला लाज नसे. दुसरी रीत इर्जिकीची. एखाद्याचं काम अडलं की तो गावाला हाक देई, सगळे आपापली औतं घेऊन येत, दिवसभरात रान उरकत आणि संध्याकाळी त्याच्याकडं पंगत होई. इर्जिकीत परतफेडीचा हिशेब नाही, ती एका दिवसाची.

आपला समाज इर्जिकीत फार चांगला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं नुकतीच झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं मातीच्या आणि दगडांच्या ढिगाऱ्यात गेली, हजारो माणसं मेली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं धावून आली. आमच्या शाळेतूनही भाकरीची पोती गेली होती, मी तेव्हा नोकरीत होते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या फेरीत १० टाक्या, ५ लाख लिटर. त्या वेळी मी दमलो आहे असं कुणी म्हणालं नाही आणि म्हणायलाही नको होतं. घर जळत असताना बादली धरावीच लागते. स्वतःची काळजी घेण्याविषयी बोललं की जुनी माणसं हेच दाखले देतात. असा विचार आम्ही केला असता तर किल्लारीत कोण गेलं असतं, असं विचारतात. त्यांचं बरोबर आहे. पण तो इर्जिकीचा दाखला आहे. संकट एका रात्रीचं असतं तेव्हा माणूस स्वतःला विसरून धावतो, आणि नंतर घरी येऊन झोपतो.

लकव्याचं आजारपण सहा वर्षांचं असतं. मतिमंद लेकराचं आयुष्यभराचं. गळफास घेतलेल्या शेतकऱ्याच्या मागं राहिलेल्या बाईचं ओझं लेकरं हाताशी येईपर्यंतचं. तिथं इर्जिक पुरत नाही. पहिल्या महिन्यात आमच्या घरी रीघ लागली होती, कुणी फळं आणायचं, कुणी नारळ. दुसऱ्या वर्षी कुणी फिरकलं नाही, आणि त्यात त्यांचाही दोष नाही. माणसाचा उमाळा तेवढाच टिकतो. तो संपल्यावर पुढं चालतं ते हिशेबावर. दिवसाला दिवस, पाळीला पाळी. काळजी घेण्याच्या कामात आपण सावडच केली नाही, हे माझं म्हणणं आहे. शेतात एका दिवसाची मजुरी बुडाली तरी आपण मागून घेतो. घरातल्या सेवेचा मात्र हिशेब मागणं पाप मानतो. सेवेचा कुठं हिशेब असतो का, असं म्हणतात. हे म्हणणाऱ्यांच्या वाट्याला ती सेवा क्वचितच आलेली असते.

गंगाखेड हे जनाबाईचं गाव. गोदाकाठी तिचं देऊळ आहे, आषाढीला तिथं मोठी गर्दी होते. विठ्ठल येऊन तिला दळू लागला, शेण्या वेचू लागला, ही गोष्ट इथल्या प्रत्येक लेकराला ठाऊक आहे. आपण ती देवाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगतो. एकदा सासूबाईंची कूस बदलताना मला ती वेगळीच दिसली. जात्याला खुंटा एक असतो, पण त्यावर हात दोघींचे पडतात. समोरासमोर बसून दोघी दळतात, एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं. एकटीनं पायली दळणं म्हणजे खांद्याचे सांधे घालवणं. जनाबाई नामदेवाघरची दासी. तिच्या समोर खुंट्याला हात लावायला घरातलं कुणीच नव्हतं. म्हणून तिच्या गोष्टीत देवाला यावं लागलं. मला त्या गोष्टीत देवाइतकंच ते रिकामं राहिलेलं समोरचं आसन दिसतं. नामदेवाच्या घरात एवढी माणसं होती, त्यांतलं कुणी का बसलं नाही?

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तर मला लहानपणापासून सहन होत नाही. नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचं रांगतं लेकरू पायाखाली आलं आणि त्यांना कळलंही नाही. पुढं देवानं लेकरू परत दिलं, असं सांगतात. अशी तल्लीनता मी कार्यकर्त्यांतही बघितली आहे. मराठवाड्याला कार्यकर्त्यांची मोठी परंपरा आहे. निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम, विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत चाललेला लढा, दर दुष्काळातल्या चारा छावण्या. या माणसांनी आमच्यासाठी आयुष्य दिलं, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांच्या घरांत मी वावरले आहे. माझ्या शाळेतली एक सहकारी अशाच एका कार्यकर्त्याची बायको होती. तिच्या पगारावर घर, सासू-सासरे आणि पाहुणे चालायचे. रात्री बाराला दहा माणसं जेवायला यायची आणि ती पहाटेच्या एसटीनं शाळेला जायची. तिच्या नवऱ्याचे सत्कार झाले. ती पन्नाशीत गुडघ्यांनी अधू झाली. इतरांसाठी झिजणं हे कुणाच्या जिवावर चाललं आहे, हा प्रश्न त्या घरांत कुणी विचारला नाही.

हाच प्रश्न उलट बाजूनंही विचारायला हवा, कारण स्वतःची काळजी हा शब्द आता पळवाट म्हणूनही वापरला जातो. माझ्या ओळखीतला एक मुलगा पुण्यात असतो, चांगली नोकरी आहे. आई गावाकडं एकटी, मोतीबिंदूनं आंधळी होत चाललेली. गावाकडं आलो की मला ताण येतो, मनःशांतीसाठी मी अंतर ठेवतो, असं तो मला म्हणाला. त्याला ताण येतो हे खरंच असेल, मी त्याला खोटं पाडत नाही. पण त्यानं ठेवलेलं अंतर त्याची बहीण रोज चालते आहे, सासरचं आटोपून, सहा किलोमीटर, डबा घेऊन. माझी कसोटी साधी आहे. मी विसावा घेतला तेव्हा माझं ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं? त्याच्याशी बोलून, त्याच्या पाळीला मी उभी राहीन असं कबूल करून गेलं असेल, तर तो माझा हक्काचा विसावा. न बोलता, जिला नाही म्हणता येत नाही तिच्या डोक्यावर गेलं असेल, तर मी स्वतःची काळजी घेतली नाही, नुसतं काम ढकललं.

माझ्या घरात काय केलं ते सांगते, उपदेश म्हणून नव्हे, अडचणी कळाव्यात म्हणून. डॉक्टरांकडून आले त्या रात्री मी मालकांना मनगटाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मला शिकव. आईचं अंग कसं पुसायचं, चादर न काढता कशी बदलायची, हे त्या माणसाला तीन वर्षांत आलं नव्हतं, कारण आईच्या अंगाला हात लावायचा म्हणजे त्यांना लाज वाटायची. पहिले पंधरा दिवस सासूबाईच तोंड फिरवून घ्यायच्या. आता दुपारची पाळी त्यांची आहे. शहरातल्या दिराला फोन करून सांगितलं की वर्षातून दोन महिने आई तुमच्याकडं, किंवा त्या दोन महिन्यांच्या मदतनिसाचे पैसे तुमच्याकडून. भांडण झालं. दोन दिवाळ्या येणं-जाणं बंद होतं. जाऊबाईंनी मला स्वार्थी म्हटलं, ते मला फार लागलं. तिसऱ्या दिवाळीला ते स्वतः आले आणि आता पैसे वेळेवर येतात.

आणि मंगळवार. आमच्या आळीत अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेली चार घरं आहेत. गावात काम करताना हे मला ठाऊक होतं, पण एकत्र असं कधी बघितलं नव्हतं. आम्ही चौघींनी सावड केली. मंगळवारी दुपारी दोन ते पाच माझ्या घरी एक येते, बुधवारी मी तिच्याकडं जाते. वही ठेवली आहे. सुरुवातीला वही ठेवायची एकीला लाज वाटत होती. आपण काय परके आहोत का, म्हणाली. पण वही नसती तर दोन महिन्यांत सगळं जिच्या तोंडून नकार निघत नाही तिच्या गळ्यात पडलं असतं. ती कोण, हे आम्हा चौघींनाही माहीत होतं.

घरांचं एवढं जमतं. आशाताईचं काय?

आशा कार्यकर्ती हे काम राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ साली सुरू झालं, साधारण हजार लोकसंख्येमागं एक. कागदोपत्री तिचं नाव स्वयंसेविका. म्हणजे तिनं आपणहून, सेवा म्हणून हे काम पत्करलं आहे असं सरकारनं धरून ठेवलं आहे. स्वयंसेविकेला पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो. पगार नाही म्हणून रजा नाही, रजा नाही म्हणून बदली बाई नाही. ती आजारी पडली तर तिच्या वाट्याची गावची कामं तशीच पडतात आणि मोबदलाही जातो. खाडा म्हणतात तो हाच. २०२० च्या सप्टेंबरात राज्यात माझे कुटुंब, माझी जबाबदारी ही मोहीम निघाली. आमची आशाताई घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत होती, तेव्हा तिचं स्वतःचं लेकरू तापानं फणफणलेलं घरी एकटं होतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. २०२४ साली, आझाद मैदानावर थंडीत बसून आंदोलन केल्यावर, राज्य सरकारनं त्यांच्या मोबदल्यात महिन्याला ५ हजारांची वाढ दिली. ती मिळालीच पाहिजे होती. पण पैसे वाढले, विसावा मात्र अजून कुणाच्या मागणीपत्रात वरच्या ओळीत नाही.

एक गोष्ट मला विशेष सलते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून २०१५ साली सरकारनं मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. चांगला प्रकल्प आहे. त्यात आशांनी घरोघर जाऊन कुणाची झोप उडाली आहे का, कुणाच्या मनात मरणाचे विचार येतात का, हे विचारायचं. म्हणजे गावातल्या प्रत्येक उदास माणसाचं दुःख आधी तिच्या कानावर येतं. ज्या घरात माणूस शेवटी गेलाच, तिथंही पहिल्यांदा तीच पोचते. मी आमच्या आशाताईला विचारलं, हे प्रश्न तुला कुणी विचारले का? ती हसली. म्हणाली, "मह्या झोपेचं कोण इचारतं बाई, म्या तर फॉर्म भरणारी."

म्हणून माझं मागणं भावनेचं नाही, व्यवस्थेचं आहे. आशा आणि अंगणवाडीताईला आठवड्यात एक ठरलेली सुट्टी हवी, आणि त्या दिवशी शेजारच्या गावच्या ताईनं तिचं गाव सांभाळायची पाळी सरकारी कागदावर हवी. दोन गावांची सावडच ती. मोबदला दोघींचाही कापला जाऊ नये. प्रसूतीसोबत रात्र काढली तर दुसरा दिवस मोकळा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला पाठ टेकायला एक खोली. सरकारी दवाखान्यांत रुग्णाबरोबरच्या बायका खाटेखाली फरशीवर झोपतात, मीही झोपले आहे. त्यांच्यासाठी अंघोळीची आणि झोपायची सोय ही दवाखान्याच्याच कामाचा भाग मानली पाहिजे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, ज्यांना फार आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहू व्यक्तीच्या भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. म्हणजे सांभाळणाऱ्याच्या कामाला किंमत असते हे देशाच्या कायद्यानं मान्य केलं आहे. माझ्या आळीतल्या चार घरांपैकी एकाही घरात हे कुणाला माहीत नव्हतं. आणि ऊसतोडीच्या करारात महिन्याचे ठराविक दिवस बाईच्या नावे बिनकपातीचे असले पाहिजेत. ते जोवर होत नाही तोवर पिशव्यांवरचे नियम अपुरेच राहणार.

हे सगळं परवडेल का, असं विचारणारे भेटतात. सरपंचांनीच मला विचारलं. मी त्यांना म्हटलं, आशाताई गेल्या वर्षी पंधरा दिवस काविळीनं पडून होती, तेव्हा लसीकरणाचे दोन दिवस चुकले आणि एक बाळंतीण घरीच मोकळी झाली. ते कसं परवडलं? त्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हणून सांगितलं. घेतला. दोन तास चर्चा झाली, बहुतेक वेळ गटारीवर गेला, आमच्या विषयाला शेवटची दहा मिनिटं मिळाली. मागं बसलेल्या बायका पुढं आल्या तेव्हा ठराव झाला: मंगळवारी दुपारी, तातडीचं काही नसेल तर, आशाताईला कुणी बोलवायचं नाही. सुट्टीचा ठराव ग्रामसभेच्या हातात नाही, तो वर पाठवला आहे. पण न बोलावणं तर आपल्या हातात आहे ना, असं एक म्हातारी उठून म्हणाली.

परवाच्या मंगळवारी माझी पाळी मोकळी होती, पण मी घरीच थांबले. आशाताई आली, चपला काढल्या, रजिस्टर माझ्याकडं दिलं आणि ओसरीतल्या बाजेवर आडवी झाली. पाचव्या मिनिटाला घोरायला लागली. थोड्या वेळानं वस्तीवरचा एकजण आला आणि अंगणातूनच मोठ्यानं हाक मारली, "आशाताई हैत का हो?" मी उठायच्या आत आतल्या खाटेवरून सासूबाईंनी डावा हात वर केला, बोट ओठांवर ठेवलं आणि त्याच्याकडं असं बघितलं की तो चपला हातात घेऊन परत गेला.